३६ सेकंदांचं भांडवल

सेव्ह केलंत ना? : वाचकांची पत्रं, ताईची उत्तरं

मागच्या अंकात शेवटी एक ओळ खरडली होती, ‘द एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेच्या सहाव्या भागाबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. ती ओळ लिहायला नको होती. पत्रांचा खच पडलाय. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न आहे आणि उरलेल्यांत प्रश्नच नाही, नुसता उसासा आहे. त्यातली सात निवडली.

ज्यांना हे वेड लागलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही मालिका टॅम्रिएल नावाच्या काल्पनिक खंडात घडते. दर भागात नवा प्रांत आणि आपण स्वतः घडवलेलं पात्र. मुख्य कथा असते, पण ती गुंडाळून ठेवून डोंगरात फुलं वेचत हिंडलात तरी कुणी ओरडत नाही. १९९४मध्ये ‘अरीना’, १९९६मध्ये ‘डॅगरफॉल’, २००२मध्ये ‘मॉरोविंड’, २००६मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ आणि ११ नोव्हेंबर २०११ला ‘स्कायरिम’. एकट्या स्कायरिमच्या सहा कोटींच्या वर प्रती खपल्या. आणि सहाव्या भागाचं आपल्या हातात काय आहे? १० जून २०१८ला दाखवलेला ३६ सेकंदांचा टीझर.

माझ्याबद्दल नव्या वाचकांसाठी एवढंच की दिवसा मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. रात्री त्याच चुकांमध्ये राहायला जाते.

ताई, फक्त एकच. कधी?
– उभं राहून पाय दुखले

तुमचं पत्र सगळ्यांत लहान, म्हणून पहिला मान तुमचा. तारीख माझ्याकडे नाही, आणि जो कुणी छातीठोकपणे सांगतोय त्याच्याकडेही नाही. ही वाट एवढी लांबली का, ते मात्र सांगता येईल.

टीझर दाखवला तेव्हा गेम बनवायला खऱ्या अर्थाने सुरुवातच झालेली नव्हती. सगळा वैताग इथून सुरू होतो. ही मालिका बनवणाऱ्या बेथेस्डा गेम स्टुडिओजची मुख्य फळी तेव्हा ‘स्टारफील्ड’ या अंतराळातल्या गेममध्ये अडकलेली. त्या दिवशी त्यांनी मंचावर ‘फॉलआउट ७६’ दाखवला, तो चौघाचौघांनी ऑनलाइन खेळायचा. मग स्टारफील्ड, ती तर अगदी कोरी पाटी. एवढं दाखवून पडदा पाडला असता तर जुन्या चाहत्यांनी एकच गलका केला असता, ‘आमच्या एल्डर स्क्रोल्सचं काय?’ म्हणून शेवटी डोंगर, ढग, चार सूर आणि नाव. पंगतीत उशीर होणार असला की पान मांडून कडेला मीठ वाढून ठेवतात ना, तसं. मालिकेचे सूत्रधार टॉड हॉवर्ड यांनी पुढे स्वतःच म्हटलंय की ही घोषणा आपण जरा साधेपणाने केली असती.

मग स्टारफील्ड लांबला. ११ नोव्हेंबर २०२२ ठरली होती, आला ६ सप्टेंबर २०२३ला. त्याच्या आदल्या महिन्यात स्टुडिओने सांगितलं की सहावा भाग पूर्वतयारीतून बाहेर पडलाय. पूर्वतयारी म्हणजे मोजकी माणसं नकाशे, कथा, हत्यारांची चित्रं आणि न जमणाऱ्या कल्पना यांच्यात बसलेली. खरी बांधणी त्यानंतर. मार्च २०२४मध्ये मालिकेला ३० वर्षं झाली तेव्हा कळलं की सुरुवातीची बिल्डं, म्हणजे अर्धवट बनलेल्या आवृत्त्या, ते स्वतः खेळून बघतायत. लोकांनी पेढे वाटायचंच बाकी ठेवलं. मी मात्र रोज सुरुवातीची बिल्डं बघते. त्यात भिंती नसतात, दारांवर ‘दार’ असं लिहिलेलं असतं आणि माणसं हात पसरून बुजगावण्यासारखी उभी असतात.

आता आकडेमोड हवीच असेल तर ही घ्या. २०२३च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्टिव्हिजन ही गेम कंपनी विकत घेत होती, त्यावरून अमेरिकेत सुनावणी चालू होती. तिथे मायक्रोसॉफ्टच्या (बेथेस्डाही तिचीच) एक्सबॉक्स विभागाचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी साक्षीत सांगितलं की हा गेम पाचेक वर्षं किंवा त्याहूनही लांब आहे. धरा २०२८. पहिल्या भागापासून पाचव्यापर्यंत लागली १७ वर्षं. पाचव्यानंतर १७ वर्षं मोजा, पुन्हा २०२८च येतं. म्हणजे एका सहाव्याच्या पोटात आधीचे पाचही मावले.

याच घराला दुसरी रीतही ठाऊक आहे, हे विशेष. २२ एप्रिल २०२५ला त्यांनी ‘ऑब्लिव्हियन’ची नव्याने घडवलेली आवृत्ती जाहीर केली आणि त्याच दिवशी विकायलाही ठेवली. वाट पाहायला कुणाला वेळच मिळाला नाही. मी त्या वेळी कामाच्या कॉलवर होते. कॅमेरा चालू होता आणि मी नको तिथे हसले.

सोबत चार पानं जोडली आहेत. टीझरमधल्या किनाऱ्याची रेघ ट्रेसिंग पेपरवर उतरवून टॅम्रिएलच्या जुन्या नकाशावर ठेवली तर ती हॅमरफेल प्रांताशी जुळते. ३१ डिसेंबर २०२०ला बेथेस्डाने टाकलेल्या फोटोत नकाशावर मेणबत्त्या ठेवल्या होत्या, त्यातली एक कुठे आहे ते बघा. आता तरी मान्य करा.
– इलियाक खाडीचा रहिवासी

ट्रेसिंग पेपर पाहून डोळे पाणावले. शाळेनंतर कुणी वापरलेला पाहिला नव्हता.

तुमचा अंदाज वेडगळ नाही. कोरडे तपकिरी कडे, त्यांना लागून समुद्र, विरळ हिरवळ. रेडगार्ड लोकांच्या वाळवंटी हॅमरफेलला हे शोभतं. शेजारच्या हाय रॉकलाही शोभतं, आणि मधली इलियाक खाडी दोघांची. त्या खाडीत आपण १९९६च्या डॅगरफॉलमध्ये हिंडून आलोय. १९९८च्या ‘रेडगार्ड’मध्ये हॅमरफेलचं स्ट्रोस एम’काय बेटही पाहिलंय. पण ती सगळी तेव्हाच्या ग्राफिक्सची कृपा, चार त्रिकोण जोडले की झाला माणूस. आजच्या डोळ्यांना दिसेल असं हॅमरफेल मुख्य मालिकेत अजून आलेलं नाही. त्यामुळे माझंही मत तिकडेच झुकतं.

मान्य मात्र करणार नाही, कारण एकदा तोंड पोळलंय. २०१८मध्ये बेथेस्डाच्या मूळ कंपनीने ‘रेडफॉल’ या नावाचा ट्रेडमार्क मागितला. बस्स, आम्हा मंडळींना साक्षात्कार झाला. रेड म्हणजे रेडगार्ड, फॉल म्हणजे पाडाव, सहाव्या भागाचं नाव ठरलं! पुराव्यावर पुरावे रचले गेले. मी तर मैत्रिणीशी पैज लावली. २०२१च्या जूनमध्ये पडदा उघडला आणि रेडफॉल निघाला रक्तपिपाशांना गोळ्या घालायचा गेम. बनवणारा स्टुडिओही वेगळा, आर्केन.

पैजेची शिक्षा अशी होती की डॅगरफॉलमधलं सुरुवातीचं तळघर, प्रायव्हेटियर्स होल्ड, नकाशा न उघडता पार करायचं. मैत्रिणीला वाटलं मोठी शिक्षा दिली. डॅगरफॉलचा नकाशा ज्यांनी उघडून पाहिलाय त्यांना माहीत आहे. त्रिमितीत फिरणारा तो गुंता म्हणजे मांजराने खेळून टाकलेला लोकरीचा गुंडा. तो नसल्यामुळे मी उलट लवकर बाहेर पडले.

तर मेणबत्तीबद्दल. एखाद्या दिवशी कुणीतरी नकाशावर मेणबत्ती ठेवतं कारण फोटोत अंधार असतो. तुमची चार पानं जपून ठेवा. बरोबर निघालात तर याच सदरात जाहीर शरणागती छापेन.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की ‘ऑब्लिव्हियन’मधल्या बादशहाला शॉन बीन यांचा आवाज आहे. चूक. तुम्ही गेम खेळला आहे ना?
– चूक दिसली की झोप येत नाही

बादशहा युरिएल सेप्टिमला आवाज पॅट्रिक स्टुअर्ट यांचा, शॉन बीन यांचा आवाज त्याच्या मुलाला, मार्टिनला. तुम्ही बरोबर, मी चूक. माझ्या नोकरीत तुमच्यासारखी माणसं हवीत आणि माझ्या सदराला नकोत.

स्टारफील्डमध्ये हजार ग्रह देऊन त्यांनी माझी निराशा केली. दोन तास एका ओसाड ग्रहावर चालत होतो आणि एक वेधशाळा दिसली. तशीच वेधशाळा, आतला सामानसुमानही तसाच, दुसऱ्या ग्रहावर! सहाव्या भागाचं हेच होणार या भीतीने मी आताच त्यावर फुली मारायच्या विचारात आहे. तुम्हाला भीती वाटत नाही का?
– हजार ग्रहांचा कंटाळा

वाटते. फुली मारायच्या आधी मात्र भीती नेमकी कशाची ते पाहू.

स्कायरिमचं जग मोजलं तर जेमतेम ३७ चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं. एखादं शहर त्याहून मोठं असतं. तरी ते अफाट वाटतं, कारण तिथे दगडसुद्धा कुणीतरी हाताने ठेवलेला आहे. रिव्हरवुड गावातून बाहेर पडा. वर डोंगरावर ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्याच्या काळ्या कमानी दिसतात. कुणी सांगितलेलं नसतं, तरी पाय तिकडे वळतात. वाटेत एक पडका बुरूज, बुरुजात चोर, तो निस्तरून पुढे निघालात की बर्फ सुरू. कुठे निघाले होते ते विसरायला होणं, हा या मालिकेचा प्राण. स्टारफील्डने तो धागा तोडला. जागा दाखवली, बोट लावलं, यान उतरलं. निघालो आणि पोहोचलो यांच्या मधलं सगळं गायब. तुमच्या दोन वेधशाळा हे त्याचं लक्षण आहे, मूळ दुखणं मधली वाट गेल्याचं.

म्हणूनच मला आशा आहे. सहावा भाग एका प्रांताचा असेल, तर चालायला सलग जमीन आली. चालायला जमीन आली की वाटेत काहीतरी ठेवावंच लागतं.

दुसरी तक्रार बऱ्याच पत्रांत आहे, की इंजिन, म्हणजे गेम ज्याच्यावर उभा असतो ते सॉफ्टवेअर, जुनं. स्टारफील्डसाठी बनवलेलं क्रिएशन इंजिन २ च पुढे वापरणार म्हणून कपाळावर आठ्या. इथे माझ्यातली टेस्टर जागी होते. स्कायरिममध्ये दुकानदाराच्या डोक्यावर बादली घालून दुकान साफ करता येतं, हे तुम्ही केलं असेल. नसेल तर आज करा. बादली उचलायची, अलगद त्याच्या टाळूवरून खाली आणायची आणि सोडायची. तो बादलीतूनच मालाचं कौतुक सांगत राहतो आणि आपण त्याच्यासमोर त्याची चांदी खिशात घालतो. हा विनोद कुणी लिहिलेला नाही. पात्राच्या डोळ्यांपासून आपल्यापर्यंत रेघ जाते की मध्ये काही आडवं येतं, हे गेम खरोखर तपासतो. बादली ही खरी वस्तू आहे, ती आडवी आली, म्हणजे त्याला दिसत नाही. संपला हिशेब. दुसऱ्या बहुतेक गेममध्ये बादली हे नुसतं चित्र असतं. इथे चमचासुद्धा वजनासकट असतो आणि तुम्ही टाकला तिथेच नंतर पडलेला सापडतो.

याची किंमत आपण मोजतोच. प्रत्येक चमचा लक्षात ठेवायचा म्हणजे सेव्ह फाइल फुगते. २०११मध्ये प्लेस्टेशन ३वर फाइल मोठी झाली की गेम रांगायला लागायचा. दर दारापाशी लोडिंग स्क्रीन येते तीही यातूनच. आणि त्या मधमाशीची गोष्ट तर मी नव्या टेस्टरांना पहिल्याच दिवशी सांगते. स्कायरिमची सुरुवात होते ती हात बांधून बैलगाडीऐवजी घोडागाडीत बसवलेल्या कैद्यांपासून. गेम बनत असताना ती गाडी अधूनमधून थरथरायची आणि थेट आभाळात उडायची. कारण सापडेना. शेवटी सापडली एक मधमाशी. आधी म्हणे खेळाडूंना मधमाशी पकडता येत नव्हती, म्हणून कुणीतरी तिला टक्कर घेण्याजोगं शरीर दिलं. ते देताना एवढी गफलत झाली की मधमाशी जगातल्या कशानेही हलेनाशी झाली. गाडी तिच्यावर आदळायची आणि उडायची. स्टुडिओत काम केलेल्या एका कलाकाराने २०२१मध्ये हा किस्सा सांगितला. बादली आणि मधमाशी एकाच पोटची भावंडं आहेत. इंजिन बदलून मधमाशी घालवाल, पण बादलीही जाईल. मला बादली हवी आहे.

भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मॉरोविंडमध्ये मुख्य कथेतल्या माणसालाही मारता यायचं. माझ्या पहिल्याच खेळात मी रागाच्या भरात एकाला मारलं. पडद्यावर निरोप आला, भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, जुना सेव्ह उघड नाहीतर तूच बिघडवलेल्या या जगात राहा. मी शेवटचं सेव्ह तीन दिवसांपूर्वी केलं होतं. या सदराचं नाव तिथून आलंय. तीन दिवस वाया गेले म्हणून तेव्हा रडले होते, आता त्यासारखं दुसरं काही आठवत नाही. स्कायरिममध्ये महत्त्वाची माणसं मरतच नाहीत. गुडघ्यावर बसतात, धापा टाकतात, उठून पुन्हा तेच वाक्य. सोय आहे, पण मान मोडल्यासारखी. सहाव्या भागात मला जग बिघडवायची मुभा हवी. तुम्ही मला यादी विचारली असती तर यादी एवढीच.

फुली मारू नका. गेम हातात आल्यावर, पंधरा तास खेळून मारा. तोपर्यंत प्री-ऑर्डरही करू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी मोकळे.

सहाव्या भागासाठी आतापासून नवा कंप्युटर घेऊन ठेवू का?
– तयारीत असलेला बरा

नको.

मी ४४ वर्षांचा आहे. स्कायरिम आला तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, बायको झोपली की पहाटेपर्यंत खेळायचो. आता रात्री दहाला डोळे मिटतात. टीझर अजूनही महिन्यातून एकदा बघतो. परवा मुलीने विचारलं, ‘बाबा, हे तेच तेच काय बघता? यात काहीच घडत नाही.’ मला उत्तर देता आलं नाही. सहावा भाग येईल तेव्हा मी पन्नाशीला टेकलेला असेन. तेव्हा खेळायला जमेल का, की मी उगाच एका वयाची वाट बघतोय?
– दहाला झोपणारा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या मुलीचं बरोबर आहे, त्यात काहीच घडत नाही. ढगांतून कॅमेरा पुढे सरकतो, खाली डोंगर, सूर ओळखीचे, नाव येतं, अंधार. जे घडतं ते तुमच्याकडे घडतं. तुम्ही ते ३६ सेकंद बघत नसता, त्यांत स्वतःचं काहीतरी ओतत असता, आणि दर महिन्याला थोडं जास्त. मीही ओतलंय. कुठलाही स्टुडिओ कितीही माणसं घेऊन बसला तरी एवढ्या लोकांनी एवढी वर्षं ओतलेलं भरून देणार नाही. गेम येईल त्या दिवशी अनेक जण चिडतील, आणि बहुतेकांचं भांडण डोक्यातल्या गेमशी असेल. हे मी तुम्हाला समजावत नाही, स्वतःला बजावतेय.

जमेल का, हे विचारलंत. शर्ली करी यांचं नाव ऐकलं असेल. अमेरिकेतल्या आजी, जन्म १९३६चा. स्कायरिम खेळताना बोलत बसायच्या आणि ते व्हिडिओ लाखो लोक बघायचे. बघणाऱ्यांना त्या नातवंडंच म्हणायच्या. चाहत्यांनी अर्ज-विनंत्या केल्या आणि २०१९मध्ये बेथेस्डाने जाहीर केलं की सहाव्या भागात त्यांच्या नावाचं एक पात्र असेल. पुढे २०२४मध्ये आजींनी स्कायरिमचे व्हिडिओ थांबवले. कारण काय, तर कंटाळा आला. मला हे फार आवडलं. हात थरथरतात, डोळे जड होतात असलं काही नाही, चक्क कंटाळा! तुमच्या पन्नाशीची काळजी मी करणार नाही.

पहाटेपर्यंत मात्र जमणार नाही, ते खरं. माझंही जमत नाही. माझी जुनी सेव्ह फाइल ३१२ तासांची आहे. बॉस्मर, म्हणजे जंगलातल्या एल्फ जातीची धनुर्धारी, व्हाइटरन शहरातल्या ब्रीझहोम नावाच्या घरात राहते. कोपऱ्यातल्या मांडणीवर चीजच्या ४० चकत्या रचून ठेवल्यात, कशासाठी ते आता आठवत नाही. आणि तिने अजून अल्डुइनला, म्हणजे ज्याच्यासाठी सगळा घाट घातलाय त्या काळ्या ड्रॅगनला, मारलेलं नाही. तिथपर्यंत गेले, परत आले. महिन्यातून एखाद्या रविवारी अर्धा तास ती फाइल उघडते. दार उघडून बाहेर येते, बाजारातून चक्कर मारते, लोहाराचा घण ऐकते आणि घरी येऊन सेव्ह करून बंद. तेवढ्यावरही निभतं.

पुढच्या वेळी टीझर लावाल तेव्हा मुलीला शेजारी बसवा आणि त्या डोंगरांच्या पलीकडे काय असेल ते तिला विचारा. तुमचं आधी सांगू नका.

ताई, मी सतरा वर्षांचा आहे. स्कायरिम आला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. सगळे मोठे लोक म्हणतात तेव्हाचं काही औरच होतं. मी एल्डर स्क्रोल्सचा एकही भाग खेळलेलो नाही. आता थेट सहाव्याची वाट बघू, की जुना सुरू करू? मित्र म्हणतो आधी मार्गदर्शक व्हिडिओ बघ, कुठलं पात्र घ्यायचं ते कळतं.
– उशिरा आलेला

उशिरा कुणी येत नाही रे. सतरा पूर्ण आहेत ना? स्कायरिमच्या अमेरिकी डब्यावर सतरा आणि त्यावरच्यांसाठी असं लिहिलेलं आहे, म्हणून विचारलं.

वाट बघू नकोस. आम्ही बघतोय तेवढं पुरे. स्कायरिमपासून सुरू कर. मागून मन झालं तर मॉरोविंड. त्यात कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. नदीकाठाने जा, पूल ओलांड, खडकापाशी डावीकडे वळ, असं माणसं तोंडी सांगतात आणि कधी कधी चुकीचंही सांगतात. वही लागेल. डॅगरफॉल तर कंपनीने २००९पासून फुकट ठेवलाय, पण तो तू माझ्यासारखी पैज हरलास तरच.

व्हिडिओ बघू नकोस. मित्राला म्हणावं, ताईने सांगितलंय. कुठलंही पात्र घे, नाक वेडंवाकडं झालं तरी राहू दे. दोन तासांनी ते आपलं वाटायला लागतं.

सुरुवातीला तुला गाडीतून नेतील, मग गोंधळ उडेल, तो सांगत नाही. एक सोबती तुला बोगद्यातून गुहेत आणि गुहेतून बाहेर काढेल. बाहेर उजेड असतो, समोर दरी, झाडं, वाऱ्याचा आवाज. सोबती म्हणेल, गाव जवळच आहे, आणि तो डोंगर उतरायला लागेल. सगळे त्याच्यामागे जातात. मीही गेले होते. तू आधी सेव्ह कर, तो वळणाआड जाईपर्यंत थांब आणि उलट्या दिशेला चालायला लाग. काय दिसलं ते पुढच्या अंकासाठी कळव.